‘एकच प्याला’ची पदे वि. सी. गुर्जरांची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाट्यसंगीताचा एक कार्यक्रम नुकताच पुण्यात झाला. सभागृह भरलेले होते, गायन उत्तम झाले, ऑर्गन आणि तबल्याची साथही नेटकी होती. निवेदनात मात्र ‘कशि या त्यजू पदाला’ या पदाची ओळख ‘राम गणेश गडकऱ्यांच्या लेखणीतून उतरलेले अजरामर पद’ अशी करून देण्यात आली, आणि त्या वाक्याला टाळ्याही पडल्या. कार्यक्रमाचे, आयोजकांचे किंवा निवेदकांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हे विधान मी वेगवेगळ्या सभागृहांत, वेगवेगळ्या तोंडून अनेकदा ऐकले आहे, आणि ते छापलेलेही वाचले आहे. ज्या शहरात संगीत नाटकाचा श्रोता पिढ्यान्‌पिढ्या घडला, त्या शहरात तरी ही गोष्ट दुरुस्त व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

‘एकच प्याला’ हे नाटक गडकऱ्यांचे. त्यातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. ‘कशि या त्यजू पदाला’, ‘सत्य वदे वचनाला नाथा’, ‘दहति बहु मना नाना कुशंका’, ‘प्रभु अजि गमला’, ‘लागे हृदयी हुरहुर’ ही नाटकाच्या नायिकेच्या, सिंधूच्या, तोंडची पदे मैफलींतून शंभर वर्षे गायली जात आहेत. ती ज्याने रचली त्या माणसाचे नाव सभागृहातल्या शंभरांपैकी किती जणांना सांगता येईल, याचा अंदाज करण्याची मला भीती वाटते.

गुर्जर (१८८५–१९६२) हे मुळात कथाकार. मराठी कथेचा इतिहास ज्यांनी थोडाफार वाचला आहे त्यांना हे नाव परके नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘स्फुट गोष्टी’ आणि फडके–खांडेकरांची कथा यांच्या मधला जो काळ आहे, तो प्रामुख्याने ‘मनोरंजन’ मासिकाचा आणि गुर्जरांचा काळ आहे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजना’त ‘संपूर्ण गोष्ट’ नावाने जी कथा रुळली, तिला वळण लावण्यात गुर्जरांचा वाटा मोठा होता. प्रभातकुमार मुखोपाध्याय या बंगाली कथाकाराचा त्यांच्यावर ठसा होता, आणि बंगालीतून त्यांनी पुष्कळ काही मराठीत आणले. मध्यमवर्गीय घर, गैरसमजातून उभा राहिलेला पेच, शेवटी अनपेक्षित उलगडा आणि प्रसन्न विनोद हे त्यांच्या कथेचे गुण. शेकडो कथा लिहिणाऱ्या या माणसाने गंधर्व नाटक मंडळीसाठी ‘नंदकुमार’ हे नाटकही लिहिले. म्हणजे नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात चुकून शिरलेला तो कोणी हौशी कवी नव्हता. प्रसंग म्हणजे काय आणि त्या प्रसंगात माणूस काय बोलेल, हे जाणणारा लेखक होता.

गडकरी आणि गुर्जर दोघेही १८८५ सालचे, आणि एकमेकांचे स्नेही. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर यायच्या सुमारास गडकऱ्यांची प्रकृती पार ढासळली होती. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सावनेर येथे ते गेले, आणि महिनाभराच्या आत, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्याला केला. बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर, असा तो संच होता. नाटककाराने आपले नाटक रंगमंचावर पाहिले नाही. त्या नाटकाला पदांची जोड गुर्जरांनी दिली. हा सगळा इतिहास कुठल्या दुर्मीळ हस्तलिखितात दडलेला नाही. तो सर्वश्रुत आहे आणि वाङ्मयेतिहासात नोंदलेला आहे. तरीही व्यासपीठावर तो पोहोचत नाही, याचे दुःख अधिक आहे.

असे का झाले असावे, याचा विचार केला तर निवेदकांकडे थोड्या सहानुभूतीने पाहता येते. संगीत नाटकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत नाटककार तोच पदांचा कर्ता, ही रीतच होती. याच पुण्यात, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’ उभे राहिले, तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचे नाटक मराठीत आणले आणि त्यातली पदेही स्वतःच रचली. ‘सौभद्र’चे तेच. देवलांनी ‘शारदा’ लिहिली आणि तिची पदेही लिहिली. कोल्हटकर, खाडिलकर यांनीही तेच केले. त्यामुळे नाटकाचे नाव घेतले की पदाच्या कवीचे नाव वेगळे घेण्याची गरजच उरत नसे, आणि ती सवय आपल्या कानांना व जिभेला लागली. त्यात गडकरी हे स्वतः ‘गोविंदाग्रज’ या नावाने मान्यता पावलेले थोर कवी. ज्याची कविता लोकांना मुखोद्गत आहे त्याच्या नाटकातली पदे दुसऱ्या कोणी लिहिली असतील, अशी शंका तरी कोणाला यावी? जिथे कवीचे नाव वेगळे सांगणे सर्वांत आवश्यक होते, तिथेच ते गळून पडले.

याच्या उलट उदाहरण आपल्याच रंगभूमीवर आहे. ‘कान्होपात्रा’ नाटकात बालगंधर्व जे अभंग गात, त्यांचे कर्ते आपल्याला विचारावे लागत नाहीत. ‘जोहार मायबाप जोहार’ चोखोबांचा, हे लहान मूलही सांगते, कारण अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी स्वतःचे नाव गुंफून ठेवतो आणि गायकाला ते गावेच लागते. सात शतकांमागच्या संतांची नावे त्या एका प्रथेने सुरक्षित राहिली. नाट्यपदाला ती सोय नाही. सिंधू जे गाते ते सिंधूचेच वाटले पाहिजे. तिथे गुर्जरांनी आपले नाव घातले असते तर प्रसंगच मोडला असता. पदकाराने पात्रासाठी स्वतःला पुसून टाकायचे असते, हा त्याच्या कलेचा धर्मच आहे. म्हणूनच त्याचे नाव सांगण्याची जबाबदारी पदाबाहेरच्या माणसांवर, म्हणजे निवेदकावर, संपादकावर, शिक्षकावर आणि आपणा श्रोत्यांवर येते.

पदे रचणे हे काम किती अवघड असते, हेही आपण फारसे लक्षात घेत नाही. आज आपल्याला वाटते की आधी कविता लिहिली जाते आणि मग संगीतकार तिला चाल लावतो. संगीत नाटकात बहुतेक वेळा याच्या उलट घडत असे. चाल आधी असे. ती लावणीची असेल, कीर्तनातल्या साकी-दिंडीची असेल, कर्नाटकातून आलेली असेल, पारशी नाटकातली असेल, किंवा एखाद्या ख्यालाची वा ठुमरीची असेल. नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ अशी ओळ असते, तिथे मूळ गीताचे पहिले शब्द दिलेले असतात. त्या एका ओळीवरून कोणाचे काय घेऊन हे पद उभे राहिले ते कळते. ‘मानापमाना’च्या वेळी गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि त्यांवर खाडिलकरांनी शब्द बसवले. ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांच्या चाली लाभल्या. ‘एकच प्याला’साठी सुंदराबाई जाधव यांच्याकडून चाली मिळाल्या, आणि त्या चालींत गुर्जरांना सिंधूचे मन बसवायचे होते. (सुंदराबाईंचे नावही निवेदनात येत नाही, हे जाता जाता नोंदवतो. त्यांचा पुण्याशी संबंध होता, एवढे तरी पुणेकरांनी विसरू नये.)

तयार चालीवर शब्द बसवायचे म्हणजे काय, हे एकदा कागद-पेन्सिल घेऊन कोणीही करून पाहावे. मात्रा ठरलेल्या असतात. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार हे ठरलेले असते, आणि समेवर येणारे अक्षर दुबळे असून चालत नाही. जिथे गायक आलाप घेणार, तान फेकणार, तिथे मोकळा दीर्घ स्वर लागतो, आणि तोही शक्यतो आकार, कारण आकारात गळा जसा उघडतो तसा तो इकारात किंवा उकारात उघडत नाही. शिवाय मराठीत ऱ्हस्व अक्षर ओढले की ते कानाला खटकते. एवढी सगळी बंधने सांभाळून अर्थ सरळ राहिला पाहिजे, तो त्या पात्राच्या तोंडी शोभला पाहिजे, आणि आधीच्या गद्य वाक्यातून पदात जाताना धागा तुटता कामा नये.

आता गुर्जरांच्या ओळी पाहा. ‘कशि या त्यजू पदाला’, ही ओळ आकारावर थांबते. ‘सत्य वदे वचनाला नाथा’, इथे शेवटी एकापाठोपाठ दोन शब्द आकारान्त आहेत. ‘दहति बहु मना नाना कुशंका’ ही ओळ तर पहिली चार-पाच लघु अक्षरे झपाझप टाकून एकदम ‘मना नाना’ अशी आकारांच्या मोकळ्या मैदानात येते, आणि मनात शंकांमागून शंका येत आहेत ही अवस्था अर्थाबरोबर नादातूनही उभी राहते. बालगंधर्वांचा गळा कुठे रमणार आहे हे कवीने ओळखले होते, आणि तिथे जागा करून ठेवली होती. या पदांत बालगंधर्वांनी जे रंग भरले त्याचे श्रेय अर्थातच त्यांच्या गळ्याचे. पण ती जागा मोकळी ठेवणारा हात गुर्जरांचा होता.

‘कशि’ या शब्दातला इकार ऱ्हस्व आहे तोही असाच सहेतुक. चालीला तिथे लघु अक्षर हवे आहे. कार्यक्रमपत्रिकेत तो ‘कशी’ असा शुद्ध करून छापलेला मी पाहिला आहे. प्रमाणलेखनाचे नियम मीही आयुष्यभर वर्गात शिकवले, पण पदाच्या बाबतीत कवीने जे लिहिले तेच छापावे, ही माझी नम्र विनंती आहे.

या पदांच्या भाषेवर एक जुना आक्षेप आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. ‘त्यजू’, ‘वदे’, ‘गमला’, ‘दहति’ असे शब्द घरात कोण बोलते? गडकऱ्यांच्या गद्यात सिंधू ज्या जिवंत मराठीत बोलते, तीच सिंधू गायला लागली की एकदम संस्कृतप्रचुर कशी होते? आक्षेपात तथ्य आहे. मला स्वतःला देवलांची पदे भाषेच्या दृष्टीने अधिक जवळची वाटतात. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ ही ओळ इतकी बोलण्यातली आहे की नाटक न पाहिलेला माणूसही ती सहज वापरतो. ‘मूर्तिमंत भीती उभी’ या तीन शब्दांत शारदेची अवस्था सांगून झाली आहे, तिथे शब्दकोश उघडावा लागत नाही. त्या मानाने खाडिलकरांची काही पदे चालीच्या ओझ्याखाली इतकी वाकलेली आहेत की अन्वय लावताना वर्गातले विद्यार्थी थकून जात. गुर्जर या दोहोंच्या मधे कुठेतरी आहेत. त्यांचे शब्द पोशाखी आहेत, पण वाक्य बहुधा सरळ चालते आणि भाव एकच असतो. एका पदात चार कल्पना कोंबण्याचा मोह त्यांना होत नाही. एक क्षण, एक मन आणि त्याचा एक निश्चय, एवढ्यावरच ते थांबतात. हा कथाकाराचा गुण असावा असे मला वाटते.

‘कशि या त्यजू पदाला’ जिथे येते तो प्रसंग आठवावा. नवऱ्याच्या, म्हणजे सुधाकराच्या, दारूच्या व्यसनाने संसाराची धूळधाण झालेली आहे, आणि भाऊ पद्माकर सिंधूला माहेरी चल म्हणतो आहे. सिंधू नकार देते. आजच्या वाचकाला, आणि विशेषतः आजच्या मुलींना, सिंधूचे हे पातिव्रत्य पटत नाही. पटू नयेही, असे मी म्हणेन. पण ती सिंधू गडकऱ्यांनी घडवलेली आहे आणि पदकाराला मिळालेली सिंधू तीच होती. तिचा निश्चय खरा वाटावा, ती लाचारीने नव्हे तर स्वतःच्या मनाने बोलते आहे असे वाटावे, एवढेच त्याच्या हातात होते, आणि ते त्याने केले. गडकऱ्यांचे गद्य हे असे आहे की त्यानंतर कोणी काही बोलावे याची सोयच उरत नाही. त्या गद्याच्या भरतीनंतर उभे राहून दोन ओळींत प्रसंग पुढे नेणे, हे सामान्य कवीचे काम नव्हते.

कोणी म्हणेल की श्रोते सूर ऐकायला येतात, नावांची यादी ऐकायला येत नाहीत. हा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. निवेदनाचे चऱ्हाट लांबले की माझाही जीव कासावीस होतो. परंतु ज्या निवेदनात बालगंधर्वांच्या शालू-अत्तरांच्या आख्यायिकांना दहा मिनिटे मिळतात, त्यात ‘पद वि. सी. गुर्जर यांचे’ एवढ्या चार शब्दांना जागा नसावी, हे मान्य होण्यासारखे नाही. हिंदी चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांत गीतकाराचे नाव आता बहुतेक ठिकाणी घेतात. भावगीतांच्या कार्यक्रमात माडगूळकर, शांता शेळके, सुरेश भट यांची नावे घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग त्याच व्यासपीठावर दुसऱ्या दिवशी नाट्यपदे गाताना कवी का हरवतो?

शांताबाईंचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ‘हे बंध रेशमाचे’ हे नाटक रणजित देसाईंचे, पदे शांताबाईंची आणि संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे. म्हणजे नाटककार एक आणि पदांचा कवी दुसरा, अशी स्थिती इथेही ‘एकच प्याला’सारखीच आहे. तरी ‘काटा रुते कुणाला’ म्हटले की लोक शांताबाईंचे नाव घेतात, कारण त्यांची इतर गाणी, कविता आणि आकाशवाणीवरचे ध्वनिमुद्रण लोकांच्या कानांत होते. गुर्जरांची पदे रंगभूमीवर आली तेव्हा आकाशवाणी नव्हती, आणि त्यांची कथा पुढे मागे पडत गेली, त्यामुळे त्यांच्या पदांना कवीच्या नावाचा आधार राहिला नाही. वसंत कानेटकर, विद्याधर गोखले, पुरुषोत्तम दारव्हेकर या नंतरच्या नाटककारांनी पुन्हा आपली पदे बऱ्याच अंशी स्वतःच लिहिली, आणि जुनी सवय आणखी घट्ट झाली. नव्या पिढीत ‘देवबाभळी’सारखे नाटक आले, त्याचेही लेखक आणि गीतकार प्राजक्त देशमुख हे एकच. ही सलगता कौतुकाची खरीच, पण तिच्यामुळे अपवादांवर अन्याय होऊ नये.

तबकड्यांनीही या पदांचे थोडे नुकसान केले आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे गाणे मावे. रंगमंचावर वीस-वीस मिनिटे रंगणारे पद तेवढ्यात बसवायचे म्हणजे मुखडा आणि जेमतेम एक अंतरा. पुढच्या गायकांनी तबकडीवरून पद उचलले, नाटकाच्या पुस्तकावरून नाही, आणि उरलेल्या ओळी हळूहळू ऐकू येईनाशा झाल्या. पहिल्या ओळीचे गाणे उरले. गाण्याच्या वर्गांत मुलांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. वर राग लिहिलेला असतो, ताल असतो, नोटेशन सुबक काढलेले असते, शब्द मात्र एकमेकांच्या वहीतून उतरवलेले, आणि कवीचे नाव नसते. त्या मुलांना पदातल्या ‘गमला’चा अर्थ विचारला की ती एकमेकांकडे पाहतात. अर्थ न कळता गायलेल्या पदात गायक शब्द कुठे तोडतो हे ऐकले म्हणजे वाईट वाटते. गुरूंनी पद शिकवण्याआधी त्या प्रसंगाचे एक पान मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. भास्करबुवांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज ज्या गावात आहे, त्या गावातल्या संगीतशिक्षकांनी हे सुरू केले तर त्याचे अनुकरण इतरत्र होईल.

कायद्याचाही एक संदर्भ इथे द्यावासा वाटतो. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. गुर्जर १९६२ साली गेले, तेव्हा ती मुदत २०२२च्या अखेरीस संपली. म्हणजे पैशाचा प्रश्न आता कोणापुढे नाही. त्यांची पदे कोणीही गावीत, छापावीत, ध्वनिमुद्रित करावीत. परंतु त्याच कायद्याने आर्थिक हक्काहून वेगळा असा कर्तृत्वाचा हक्कही मानला आहे: ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा हक्क. गुर्जर तो आज बजावू शकत नाहीत, आणि त्यांच्या वतीने बोलणारी कोणती संस्थाही माझ्या पाहण्यात नाही. उरतो तो श्रोत्यांचा आणि वाचकांचा विवेक.

यात गडकऱ्यांच्या थोरवीला कुठे बाध येतो, असे कोणी समजू नये. ‘एकच प्याला’ हे नाटक गद्य रूपातही उभे राहते, एवढी त्याची ताकद आहे. तळिराम, सुधाकर, गीता यांची भाषा वाचताना आजही अंगावर काटा येतो. ज्या कवीच्या नावावर ‘वाग्वैजयंती’सारखा काव्यसंग्रह आहे त्याला दुसऱ्याच्या पदांचे उसने श्रेय देण्याची गरज नाही, आणि आपल्या स्नेह्याच्या कामाचे श्रेय आपल्या नावावर चढलेले त्यांना स्वतःला आवडले असते, असे मला मुळीच वाटत नाही.

येत्या ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाच्या निमित्ताने, भरत नाट्य मंदिरापासून उपनगरांतल्या छोट्या सभागृहांपर्यंत नाट्यपदांचे कार्यक्रम होतील. आयोजकांनी पत्रिका छापताना प्रत्येक पदापुढे नाटक, पदाचा कवी आणि चाल देणारा अशी तीन नावे द्यावीत. त्यासाठी संशोधन करावे लागणार नाही, नाटकाची चांगली प्रत आणि वाङ्मयेतिहासाचे एखादे पुस्तक उघडावे लागेल. ती पुस्तके पुण्यातल्या ग्रंथालयांत उपलब्ध आहेत. महाजालावर गाण्यांची चित्रफीत चढवणाऱ्या तरुण गायकांनी खालच्या माहितीत हीच तीन नावे लिहावीत, कारण उद्याचा निवेदक तिथूनच उतरवून घेणार आहे आणि आज तिथे जे चुकीचे लिहिले जाईल ते पुढची पन्नास वर्षे पाठ होत राहील. आपल्या वृत्तपत्रानेही अशा कार्यक्रमांचे वृत्तान्त छापताना गायकाच्या आणि साथीदारांच्या नावांबरोबर पदाच्या कवीचे नाव देण्याचा शिरस्ता पाडावा, ही विनंती. आपल्या पानावर जे येते ते वाचक प्रमाण मानतात, म्हणून ती आधी आपल्याकडे करतो.

पुण्यातल्या प्रकाशकांना एक सूचना करून थांबतो. गुर्जरांच्या निवडक कथांचे एक आटोपशीर पुस्तक आज सहज मिळायला हवे, आणि त्यांच्या नाट्यपदांची पूर्ण संहिता, सर्व अंतऱ्यांसह, राग, ताल व मूळ चालीच्या नोंदीसह आणि प्रत्येक पदाचा प्रसंग दोन ओळींत सांगून, त्याच पुस्तकाच्या परिशिष्टात छापावी. हक्काची अडचण उरलेली नाही. संगीत शिकणारा प्रत्येक विद्यार्थी असे पुस्तक विकत घेईल, आणि संपादनासाठी वयाने थकलेल्या, पण या पदांवर जीव असलेल्या माझ्यासारख्या काही निवृत्त शिक्षकांची विनामूल्य मदत मिळू शकेल. कोणी प्रकाशकाने विचारणा केल्यास ती आपण माझ्यापर्यंत पोहोचवावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
सदाशिव पेठ, पुणे